बोरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही? (कठीण पाणी, मऊ पाणी आणि आपला परभणी जिल्हा)



आजचा पाठ एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्गातल्या एका मुलीचा गणवेशाचा पांढरा शर्ट कायम मळकट, राखाडी दिसायचा. एक दिवस परिपाठाच्या वेळी मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "आईला सांग, कपडे जरा नीट धूत जा म्हणावं." मुलगी खाली मान घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. एका हातात साबणाची वडी, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, हे आमच्या हापशाचं पानी. तुमीच एकदा धुऊन दावा."

मी खरंच धुऊन पाहिलं. वडी घासली, घासली, पण फेस येईना. पाण्यावर नुसता दह्यासारखा पांढरा साका तरंगायला लागला आणि तो कापडाला चिकटून बसला. त्या माउलीच्या हातात काही कमी नव्हतं. जे होतं ते पाण्यात होतं. आणि डी.एड.ला विज्ञान शिकून आलेल्या मला ते दिसलं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी मी हा पाठ घेते. पुस्तकात तो चार-सहा ओळींचा असेल, पण आपल्या जिल्ह्यात तो प्रत्येक घरातला पाठ आहे. म्हणून आज तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

जड, कठीण, दुष्फेन: एकाच पाण्याची तीन नावं

आपल्याकडे लोक "जड पाणी" म्हणतात. पुस्तकात "कठीण पाणी" किंवा "दुष्फेन पाणी" असं येतं. मुलं "दुष्फेन" हा शब्द पाठ करतात आणि विसरतात. तो फोडून सांगितला की विसरत नाहीत. फेन म्हणजे फेस. ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन, ज्यात सहज होतो ते सुफेन. म्हणजे व्याख्या शब्दातच आहे.

पण "जड" म्हटल्यावर मुलांना वाटतं की हे पाणी वजनाला जास्त असेल. वजनात जाणवण्यासारखा फरक नसतो. फरक असतो विरघळलेल्या क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पाण्यात हे दोघे जितके जास्त तितकं पाणी कठीण, जितके कमी तितकं मऊ.

आता साबण का रुसतो ते पाहू. साबणाच्या कणाला दोन टोकं असतात. एक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. म्हणून मळ सुटतो. पण पाण्यात कॅल्शियम असलं की ते मळाच्या आधी साबणालाच पकडतं. दोघांचा मिळून न विरघळणारा पदार्थ बनतो, तोच तो साका. पाण्यातलं सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असं "फिटेपर्यंत" साबण वाया जातो. त्यानंतर उरलेला साबण फेस करतो. म्हणजे जड पाण्याच्या गावात माणूस साबण विकत घेतो तो आधी पाण्यासाठी आणि मग कपड्यासाठी. धुण्याच्या पावडरीला मात्र या पाण्याचा त्रास कमी होतो, कारण तिच्यात साबण नसून अपमार्जक असतं आणि त्याचा असा साका बनत नाही.

पाण्यात हे क्षार येतात कुठून?

पावसाचं पाणी मऊच असतं. आभाळातून पडणाऱ्या थेंबात कॅल्शियम असून असून किती असणार? पण खाली येताना तो थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेतो. जमिनीत मुरताना तर जास्तच घेतो, कारण मुळं आणि मातीतले जीवजंतू सतत श्वास घेत असतात. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं. अगदी सौम्य, सोड्याच्या बाटलीतल्या पाण्याच्या जातीचं. हे सौम्य आम्ल वर्षानुवर्षं खडकाला आणि चुनखडीला चाटत राहतं. एरवी पाण्यात जवळजवळ न विरघळणारा चुनखडीचा पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, या आम्लामुळे कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळतो. पाणी दिसायला स्वच्छ राहतं, पण आता ते कठीण झालेलं असतं.

ही सगळी गोष्ट एका पेल्यात दाखवता येते. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची नितळ निवळी अलगद काढून घ्या. थोड्या निवळीत तेवढंच पाणी घाला आणि नळीने त्यात फुंकर मारा. निवळी दुधाळ होते. हे आपण नेहमी करतो आणि "उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो" म्हणून तिथेच थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. बराच वेळ फुंकलं की दुधाळपणा कमी कमी होत पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं. हेच कठीण पाणी! आता ते स्वच्छ भांड्यात घेऊन उकळा. पुन्हा गढूळ होतं आणि तळाशी पांढरी पूड बसते. हाच तो आपल्या घरच्या हिटरच्या कॉइलवरचा पांढरा थर.

(सूचना: चुन्याची निवळी डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये. फुंकण्याचं काम शिक्षकांनी स्वतः करावं. धीर लागतो, पण मुलं श्वास रोखून बघतात.)

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्यावर जातो, म्हणून तो तात्पुरता किंवा अस्थायी. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्लोराइड आणि सल्फेटमुळे आलेला उकळून जात नाही, तो कायमचा किंवा स्थायी. विहिरी-बोरच्या पाण्यात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात.

मग परभणीचंच पाणी जड का?

एकट्या परभणीचं नाही, पण आपल्याकडे कारणं एकावर एक जुळून आली आहेत.

पहिलं कारण पायाखालचा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच बेसॉल्ट खडकाचा आहे आणि आपला जिल्हा त्यातच येतो. उत्तरेला जिंतूरकडचे डोंगर असोत की दक्षिणेला गंगाखेडकडचा बालाघाट, खडक एकच. या खडकातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर असतात. खडक झिजतो, मुरूम होतो, आणि हे दोघे पाण्यात उतरतात.

दुसरं कारण काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्याही आत आणि उन्हाळा पारा चाळिशीच्या वर नेणारा. मातीत मुरलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी खाली जाण्याआधीच वाफ होऊन उडतं. पाणी उडतं, क्षार राहतात. असं वर्षानुवर्षं होऊन मातीत चुनखडीचे पांढरे खडे तयार होतात. नांगरताना शेतात जी चुनखड वर येते ती हीच. तिच्यावर लिंबू पिळून बघा, फसफस बुडबुडे येतात. चुनखडीच्या रानात सोयाबीन, भुईमूग, मोसंबी यांची कोवळी पानं पिवळी पडतात, कारण अशा जमिनीत पिकाला लोह नीट घेता येत नाही. म्हणजे ज्या चुनखडीने शेतकऱ्याचं पान पिवळं केलं, तिनेच त्याच्या घरच्या शर्टाचा पांढरेपणा घालवला. नंतरच्या पावसाचं पाणी या चुनखडीतून झिरपतं आणि तिला थोडं थोडं सोबत घेऊन खाली जातं.

तिसरं कारण म्हणजे वेळ. काळ्या पाषाणात पाणी वाळूसारखं सहज वाहत नाही. ते भेगा, सांधे आणि मुरमाचा थर यांतून हळूहळू सरकतं. जितका काळ पाणी खडकाच्या संगतीत, तितका त्याचा गुण लागणार. "ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला," हे पाण्यालाही लागू आहे.

एकाच गावात नळाचं वेगळं, बोरचं वेगळं?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचं उत्तर: पाणी आपल्या नळाला कुठून आलं ते विचारा.

धरणातलं पाणी हे बहुतांश पावसाचं वाहून आलेलं पाणी. ते खडकाच्या पोटात फार राहिलेलं नसतं, म्हणून ते बोरच्या मानाने मऊ असतं. परभणी शहराला पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं पाणी येतं. पाथरी, मानवत भागात जायकवाडीचा डावा कालवा आहे, सेलूकडे निम्न दुधना आहे. ज्या गावाला अशा धरणावरची योजना मिळाली तिथल्या बायका सांगतील की नळाच्या पाण्यात साबण कमी लागतो. पण त्याच गावात नळाला आठवडाभर पाणी नाही आलं की लोक बोर सुरू करतात आणि साबण पुन्हा रुसतो. घर तेच आणि वडीही तीच असते, बदलतो फक्त पाण्याचा उगम.

आड आणि बारव यांचंही असंच. आपल्या जिल्ह्यात जुन्या बारवा खूप आहेत, वालूरची चक्राकार बारव तर आवर्जून बघावी अशी. उथळ विहिरीला दरवर्षी नव्या पावसाचं पाणी मिळतं, त्यामुळे पावसाळ्यानंतर तिचं पाणी जरा हलकं होतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेच पाणी जड लागतं. म्हणून पाण्याची तपासणी एकदा केली आणि झालं, असं नसतं. पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी दोनदा करावी.

जरा महाराष्ट्र फिरून येऊ

आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसं कामासाठी पुण्या-मुंबईला आहेत. दिवाळीला येतात तेव्हा म्हणतात, "इथं केस किती राठ होतात!" आणि आपण तिकडे गेलो की म्हणतो, "अंगावरचा साबण निघतच नाही, बुळबुळीत राहतं." दोन्ही खरं आहे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा सह्याद्रीच्या कुशीतल्या तलावांचं पाणी जातं आणि पुण्याला खडकवासल्याचं. भरपूर पावसाचं, डोंगरावरून थेट धरणात आलेलं हे पाणी मऊ असतं. मऊ पाण्यात साका बनत नाही, म्हणून साबणाची बुळबुळ जास्त वेळ जाणवते. पण त्याच पुण्यात एखाद्या सोसायटीत बोरचं पाणी सोडलं की नळाच्या तोटीवर पांढरे डाग सुरू!

कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. तिथला जांभा खडक मुळात बेसॉल्टपासूनच झालेला आहे, पण लाखो वर्षांच्या धो-धो पावसाने त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कधीच धुऊन नेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून तो लाल. द्यायला त्याच्याकडे कॅल्शियमच नाही, त्यामुळे किनाऱ्याची खारी पट्टी सोडली तर कोकणातलं पाणी साधारणपणे मऊ. मूळ खडक एकाच कुळातला, पण पाऊस वेगळा म्हणून पाणी वेगळं. हा मुद्दा मुलांना नक्की सांगा.

उलट टोकाला यवतमाळमधला वणी आणि चंद्रपूरमधला कोरपना, गडचांदूर हा भाग. तिथे चुनखडकच आहे, म्हणून तर तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. नांदेडच्या पूर्वेला देगलूर, किनवटकडे गेलं की आपला काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटच्या जातीचे खडक लागतात, पाण्याचा स्वभावही बदलतो.

जगातही हाच नियम. इंग्लंडमध्ये लंडनच्या आजूबाजूला जमिनीखाली खडूच्या दगडाचे थर आहेत, तिथे चहाच्या किटलीत पांढरा थर साचतो. स्कॉटलंडमध्ये कठीण ग्रॅनाइटसारखे खडक आणि भरपूर पाऊस, तिथलं पाणी मऊ.

खारट म्हणजे कठीण नव्हे

इथे एक गोंधळ दूर करू. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात "खारपाणपट्टा" आहे. (ही पूर्णा वेगळी, तापीला मिळणारी. आपली पूर्णा गोदावरीला मिळते. नकाशावर दोन्ही दाखवा.) तिथल्या पाण्यात सोडियमचे क्षार, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार जास्त आहेत. खारटपणा सोडियम-क्लोराइडचा, कठीणपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पाणी एकाच वेळी खारट आणि कठीण असू शकतं, पण चवीला गोडं लागणारं पाणीही चांगलंच कठीण असू शकतं. चवीवरून ठरवू नका.

घरी पाण्याचं यंत्र विकायला येणारे लोक पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार मिळून. त्यात कठीणपणा किती, खारटपणा किती, घातक काही आहे का, हे तो आकडा सांगत नाही.

आता डाळीची गोष्ट

"इथं तुझी डाळ शिजणार नाही," असं आपण म्हणतो. बोरच्या पाण्यात ती खरंच लवकर शिजत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन सैल होतं आणि डाळ मोडते. कठीण पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला उलट घट्ट बांधून ठेवतं. म्हणून शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, गॅस जळतो आणि दाणा कडकच.

उपाय साधे आहेत. पाणी आधी उकळून, निवू देऊन, वरचं नितळ पाणी डाळीला घ्या. डाळ भिजवून घ्या. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, कारण आंबटामुळेही डाळ शिजायला वेळ लागतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ पटकन मऊ होते, पण त्याने ब१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून रोजची सवय नको. आणि डाळ जुनी असेल तर पाण्याला दोष देऊ नका!

हे पाणी प्यावं का?

पालकसभेत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. "मॅडम, पांढरं पांढरं बसतंय, मग पोटात मुतखडा होईल ना?"

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. कठीण पाण्यामुळेच मुतखडा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं हे आहे. आता विचार करा: आपल्या उन्हात "हे पाणी वाईट" म्हणून मूल दिवसभर पाणीच प्यायलं नाही तर? भीतीनेच नुकसान होईल. शाळेत पाण्याची घंटा देता तेव्हा लक्ष ठेवा. ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून चालावं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आपण डोळ्यांना दिसतं त्याला घाबरतो आणि जे दिसत नाही ते पितो. उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा किंवा जास्त खत दिलेलं रान यांच्याजवळच्या विहिरीत नायट्रेट येऊ शकतं. त्याला रंग, वास, चव काही नाही. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि मानकात त्याला सूट दिलेली नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. हे पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटल्याने नायट्रेटचं प्रमाण वाढतं.

तसंच फ्लोराइडचं. किनवट, यवतमाळ, चंद्रपूर भागात फ्लोराइडमुळे दातांवर डाग आणि हाडांचे आजार झालेली गावं आहेत. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास १.५. आणि गंमत बघा, फ्लोराइड जास्त असलेलं खोल बोरचं पाणी पुष्कळदा कॅल्शियमने कमी, म्हणजे साबणाला मऊ असतं. छान फेस आला म्हणून पाणी निर्धोक, असं समजू नका. जंतूंचंही तसंच. फेस बघून जंतू कळत नाहीत. त्यासाठी क्लोरीन आणि तपासणी हेच मार्ग.

तपासणी कुठे करायची? जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची योजना आहे. ग्रामपंचायतीत विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. शाळेच्या हापशाचा अहवाल मागून घ्या आणि दर्शनी फलकावर लावा. तो वाचायला मुलांना शिकवणं हाच एक पाठ आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. फेसाची शर्यत: सारख्या आकाराच्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत हापशाचं, सगळं सारख्या मापाने. साबणाच्या वडीचा कीस कोमट पाण्यात विरघळवून द्रावण करा (शक्यतो पावसाच्या पाण्यात, पावडर वापरू नका). प्रत्येक बाटलीत एक-एक थेंब टाकून हलवा. मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहा. माझ्या वर्गात पावसाच्या पाण्याला लगेच फेस येतो आणि हापशाच्या बाटलीपाशी पोरं थेंब मोजून मोजून कंटाळतात.

२. ताटलीतलं गुपित: सारख्या ताटल्यांत ही तिन्ही पाणी उन्हात वाळवा. मागे काय उरतं ते बघा. घरी उन्हाळ्यात कूलरच्या गवतावर पांढरा खडखडीत थर बसतो तो असाच.

३. गणिताशी जोडा: पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि कूलर रोज ४० लिटर पाणी पितो. तर दिवसाला किती? २० ग्रॅम. ६० दिवसांत? १,२०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास! हिशोब ढोबळ आहे, पण मुलं कूलरकडे नव्या नजरेने बघतात.

४. घरचा अभ्यास: "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" प्रत्येकाने घरच्यांना विचारून यावं: धरण, विहीर, बोर की टँकर? बोर किती फूट आहे? आजीच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? मग गावाचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक पाण्याचे थेंब लिहा. असा नकाशा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

घरी काय करता येईल?

• तुरटीने कठीणपणा जात नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले क्षार नाही.
• पांढरे कपडे धुताना धुण्याचा सोडा आधी पाण्यात टाका, ढवळा, थोडा वेळ थांबा आणि मग साबण लावा. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो, साबण वाचतो. हा सोडा खाण्याचा नव्हे, मुलांपासून दूर ठेवा.
• हिटर, किटली, नळाची तोटी यांवरचा थर लिंबाने निघतो. आम्लाने चुनखडी विरघळते, तोच प्रयोग इथेही.
• पावसाळ्यात पत्र्याचं पाणी (पहिल्या पावसाचं सोडून) धुण्यासाठी साठवा. फुकटचं मऊ पाणी.
• आरओ यंत्राने कठीणपणा जातो, पण घरगुती यंत्रात एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकलं जातं. आपल्यासारख्या टंचाईच्या भागात ते मोरीत सोडणं परवडणारं नाही, फरशी आणि शौचालयाला वापरा. आणि आधी पाणी तपासा, मग गरज असेल तरच यंत्र घ्या किंवा जार लावा.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येते. मी तिच्या आईची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर तिचीही, कारण बोलले होते ते सगळ्यांसमोरच. मग तिच्याच कळशीतलं पाणी घेऊन आम्ही फेसाची शर्यत लावली. थेंब तिनेच मोजले. शर्ट लगेच पांढराशुभ्र झाला नाही, पण "आमचं पानी जड हाय मॅडम, आई नीटच धुती," हे ती ताठ मानेनं सांगू लागली.

शिक्षक मित्रांनो, मळका शर्ट, डागाळलेले दात, सतत दुखणारं पोट, यांतलं काहीही दिसलं तर आधी घराला दोष देऊ नका. आधी विचारा, "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" आणि पालकहो, शाळेत कुणी माझ्यासारखं बोललंच, तर कळशी घेऊन या. आम्हालाही शिकायचं असतं.

तुमच्या गावचं पाणी कसं आहे? मुलांनी काढलेला नकाशा झाला की नक्की कळवा.